पडद्याआडचं पान

गौरी यायला आठवडा उरला होता तेव्हा सुयोगने जेवता जेवता सांगून टाकलं, "आई, या वर्षीपासून आपल्याकडे तिखटा बंद."

आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं त्याने ते सांगितलं, तेही ताटावरून मान वर न करता. रत्नप्रभाबाईंचा घास हातातच राहिला. सून श्वेता वाढायला उठली होती, ती फ्रिज उघडून आत बघत उभी राहिली. तिला काही घ्यायचं नव्हतं हो, पण अशा वेळी फ्रिजचा आडोसा बरा पडतो.

तिखटा म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. रत्नागिरीकडच्या या पाष्ट्यांच्या घरात गौर म्हणजे माहेरपणाला आलेली लेक. तेरड्याच्या रोपांची जुडी, तिला मुखवटा, मुखवट्याला नथ, अंगावर साडी. तीन दिवसांची पाहुणी. आली त्या दिवशी भाजी-भाकरी, तिसऱ्या दिवशी पाठवणी, आणि मधला दिवस तिच्या जिभेच्या चोचल्यांचा. त्या दिवशी कोंबडी, वडे, कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, झणझणीत कालवण. लेक वर्षातून एकदा घरी आली तर तिच्यापुढे काय वरणभात ठेवणार? आता शेजारीच गणपती बसलेला, आणि त्याला तर हे चालत नाही. तो मोदकवाला. मग जुन्या माणसांनी साधी सोय काढली. दोघांच्या मध्ये पडदा धरायचा. पाष्ट्यांकडे गौरीला गणपतीची बहीण म्हणतात. दुसरीकडे आई म्हणत असतील, तर म्हणोत बापडे. बहिणीने पडद्याआड हवं ते खावं, भावाने अलीकडे मोदक खावेत, कुणी कुणाच्या पानात डोकवायचं नाही. इतक्या वर्षांत त्या भावंडांचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही.

"बंद कशाला?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"देवीला मांस दाखवतात का कुणी? कुठल्या शास्त्रात आहे, सांग."

"शास्त्र मला नाय माहीत. तुझी आजी दाखवायची, तिची सासू दाखवायची."

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आई. आपल्याला आता कळतंय ना? आपणच आपले सण धड केले नाहीत तर दुसऱ्याला काय बोलणार? लोक तोंडावर विचारतात, हे कसले हिंदू, देवीसमोर कोंबडी ठेवतात."

"कोण विचारतं? नाव सांग."

नाव काही त्याने सांगितलं नाही. "या वर्षी पूजेला गुरुजी बोलावलेत," एवढं म्हणाला. "सोसायटीतली माणसं येणार आहेत. पुरणपोळी करू. छान होईल गं."

आता सुयोग वाईट मुलगा होता असं कुणी समजू नका. आईचा गुडघा दुखला तर ऑफिसला दांडी मारणारा मुलगा तो. घाटकोपरला पंतनगरातली त्यांची जुनी तीन मजली बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हापासून तो सोसायटीच्या उत्सव कमिटीवर होता. रविवारी क्लबहाऊसमध्ये पोरांना जमवून स्तोत्रं शिकवायचा, भगवा कुर्ता घालून. त्याचे वडील सहदेवराव गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांना आरतीची दोन कडवी यायची आणि तिसऱ्याला ते नुसत्या टाळ्या वाजवायचे. पोराचं सगळं खणखणीत पाठ. रत्नप्रभाबाईंना त्याचं कौतुकच होतं. तो मासमच्छी खात नसे; नक्की केव्हापासून ते त्यांना आठवत नव्हतं, पण तेही या क्लबहाऊसवाल्यांच्या संगतीने असेल असं त्यांना वाटे. खात नाही तर नको खाऊ. पण गौरीच्या पानातलं काढून घेतो म्हणजे काय?

त्या रात्री जेवण तसंच टाकून उठल्या. भांडल्या मात्र नाहीत. भांडायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

कारण होतं श्रुतिका. त्यांची थोरली.

श्रुतिका चिपळूणला दिलेली. दर वर्षी गौरीला हटकून यायची, आणि यायच्या आधी फोन करून कुर्ल्यांची आठवण करायची. कुर्ल्यांसाठी जीव टाकायची पोरगी, पण नांग्या काही तिला फोडता यायच्या नाहीत. लहानपणी एकदा दात दुखावला होता, तेव्हापासून भ्यायची. कुणीतरी फोडून पानात टाकायच्या, मग ही बोटं चाटत तासभर बसायची, आणि शेवटी "मीठ जरा कमी पडलं" म्हणायची. बारा वर्षांपूर्वी तिचा असाच फोन आला, "आई, काकाला मोठ्या आणायला सांग, गेल्या वेळी नुसत्या कवट्या होत्या." त्यानंतर तिला ताप आला. तापाची कावीळ झाली. मुंबईला आणून हॉस्पिटलात ठेवली, आणि गौरी यायच्या आधी ती गेली. बत्तीस वर्षांची होती.

सुयोग तेव्हा रडला नाही. सगळं त्याने केलं, धावपळ, कागद, स्मशान, पण डोळ्यांतून टिपूस नाही. पुढे घरात श्रुतिकाचं नाव निघालं की तो उठून जायचा. तिचा फोटो भिंतीवर लावायचा म्हटलं की घरात खिळा नाही म्हणायचा. हळूहळू सगळ्यांनीच ते नाव घ्यायचं सोडलं.

पुढल्या वर्षी सण आला. पडदा म्हणजे रत्नप्रभाबाईंची लग्नातली हिरवी साडी. सहदेवराव आणि त्यांचा धाकटा भाऊ धाकू तिची दोन टोकं धरून उभे राहिले, तोंडं गणपतीकडे. रत्नप्रभाबाई पान घेऊन आत गेल्या, मुखवट्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आलीस गो बाय?"

झालं. तेव्हापासून दर वर्षी तो एक वेळ त्यांचा होता. पडद्याआड त्या नांग्या बत्त्याने फोडायच्या, आतलं पांढरं मऊ काढून पानात एका बाजूला ठेवायच्या, आणि हळू आवाजात लेकीशी बोलायच्या. बाबांचे गुडघे गेले. सुयोगचं प्रमोशन झालं. मीठ बघ गो, बरोबर आहे का. सहदेवराव गेल्यावर त्यांचं टोक सुयोगने धरलं. तो पाठ फिरवून अथर्वशीर्ष म्हणत उभा, आणि हातभर अंतरावर आई त्याच्या बहिणीला जेवू घालतेय. बाहेरच्यांना वाटे, म्हातारी काहीतरी पुटपुटतेय. वर्षाचे बाकीचे दिवस रत्नप्रभाबाई त्या एका दुपारच्या जोरावर काढायच्या. हे वेड आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण वेड असलं तरी ते त्यांचं होतं, आणि कुणाला त्याचा त्रास नव्हता.

तर आता ते बंद.

गौर आली. तेरडा या वर्षीही त्यांनीच निवडून आणला. मुखवट्याला कुंकू लावलं, साडी नेसवली. सुयोगने मागे फुलांची भिंत उभारली, दिव्यांच्या माळा लावल्या, आणि खरंच सांगायचं तर गौर एवढी देखणी कधी दिसली नव्हती. रत्नप्रभाबाई तिच्यासमोर भाजी-भाकरीचं पान ठेवून बसल्या आणि मनात म्हणाल्या, बाय, उद्याचं काय ते मी बघते.

त्यांनी आधीच धाकूभावजींना फोन केला होता. हे धाकूभावजी गोवंडीला राहायचे आणि दर वर्षी माहुलला जाऊन कोळणीकडून कुर्ल्या आणायचे. सुयोगने त्यांना "काका, या वर्षी आणू नका" म्हणून कळवलं होतं. वहिनीने "आणा" म्हटलं. पुतण्याचं ऐकायचं की वहिनीचं, हा प्रश्न धाकूभावजींना पडला नाही.

पूजेच्या दिवशी पहाटेच सुयोग खाली सोसायटीच्या मंडपात गेला. रत्नप्रभाबाई लिफ्टने उतरून मागच्या गेटवर गेल्या. धाकूभावजी ओलं गोणपाट घेऊन उभे होते.

"वैनी, ह्या घ्या. भरलेल्या हायत सगळ्या, हाताने दाबून बघितल्यात."

"वर या ना. च्या घेऊन जा."

"नको. सुयोगला वाटंल काका मुद्दाम करतो. दुपारी पडदा धरायला येऊ का नको, तेवढं सांगा."

रत्नप्रभाबाईंनी गोणपाट हातात घेतलं. "फोन करते," म्हणाल्या. भावजी मान हलवून निघून गेले. गोणपाटात कुर्ल्या खुडबुडत होत्या.

वर आल्या तर श्वेता स्वयंपाकघरात पुरण शिजवत होती. तिने गोणपाटाकडे बघितलं, सासूकडे बघितलं. तीही कोकणातलीच, राजापूरची. तिच्या माहेरी अजून तिखटा होतो.

"आई, ते मंडपातून दहापर्यंत येणार नाहीत," ती म्हणाली. "मी खिडक्या उघडते. मी काही बघितलं नाही."

दोघींनी मिळून केलं. एका शेगडीवर पुरण, दुसरीवर कालवण. खोबरं भाजलं, मसाला परतला, आणि त्या चकचकीत स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांनी घर असल्यासारखा वास सुटला. रत्नप्रभाबाईंनी नांग्या वेगळ्या काढल्या, बत्त्याने फोडल्या, आतलं काढून एका वाटीत ठेवलं. त्यांचा बेत साधा होता. गुरुजी यायच्या आधी गौरीपुढे पान ठेवायचं, साडी दोन खुर्च्यांना बांधायची, घटकाभर आत बसायचं. कुणाला कळणार होतं? लेकीला चार घास घालायचे, एवढंच तर होतं.

त्यांनी साडी कपाटातून काढली. तेवढ्यात दाराचं लॅच वाजलं.

सुयोग पंचारती न्यायला आला होता. खालची कुणाच्या तरी हातून पडून मोडली, म्हणून घरची घ्यायला आला. दारातच थांबला. वास काही लपत नाही. तो सरळ स्वयंपाकघरात आला, पातेल्याचं झाकण उचललं, परत ठेवलं.

ओरडला असता तर बरं झालं असतं.  त्याने कोपऱ्यातली काळी पिशवी घेतली, पातेलं त्यात उपडं केलं, वाटीही उपडी केली, पिशवीला गाठ मारली आणि बाहेर लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. परत येऊन त्याने ते पातेलं आणि ती वाटी स्वतः घासली, दोनदा घासली, आणि ओट्यावर पालथी घातली.  रत्नप्रभाबाई हातात साडी घेऊन बघत उभ्या होत्या. 

"आई, मी तुला हात जोडून सांगतो," तो म्हणाला, "आजच्या दिवस मला साथ दे." आणि पंचारती घेऊन गेला.

दुपारी घर माणसांनी भरलं. गुरुजींनी पूजा सांगितली, सुयोगने चुका न करता मंत्र म्हटले. गौरीपुढे सोळा भाज्यांचं, पुरणपोळीचं पान. लोक फोटो काढत होते. रत्नप्रभाबाई हळदीकुंकू लावत होत्या, हसत होत्या, प्रसाद देत होत्या. बायकांना हे चांगलं जमतं. आत काहीही चाललेलं असो, हातातली हळदीकुंकवाची कुयरी सांडत नाही. मधेच त्यांची नजर मुखवट्याकडे गेली. गौर सगळ्यांसमोर उघडी बसली होती, मध्ये पडदा नाही, आणि तिच्याजवळ जाऊन एक शब्द बोलायची सोय नव्हती. सगळे बघत होते. लेक घरी आली आणि आईला तिच्याशी बोलता येईना, असं झालं.

समोरच्या फ्लॅटमधल्या क्षमाबेन आल्या. जुन्या बिल्डिंगमध्येही शेजारीच होत्या त्या, कांदालसूणसुद्धा न खाणाऱ्या. नमस्कार करून इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचा हिरवा पडदा नाय लावला या वर्षी?"

सुयोग बाजूलाच होता. तोच म्हणाला, "नाही, काकी. ते आता बंद केलं. तुम्हाला सगळ्यांना त्रास व्हायचा."

"आमाला?" क्षमाबेन गोंधळल्या. "आमी तर दार लावून घ्यायचे. तुमची छोकरी वर्षात एक वेळ जेवायला येते, तिला काय आवडते ते तुमी द्याल ने. आमाला कसला त्रास?" मग आपण नको ते बोललो की काय असं वाटून त्या गौरीची साडी किती छान आहे ते सांगू लागल्या.

सुयोगचा चेहरा उतरला.

दिवेलागणीला सगळे गेले. श्वेता भांडी आवरत होती. रत्नप्रभाबाईंनी सकाळपासून पाण्याव्यतिरिक्त काही घेतलं नव्हतं; त्या गौरीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. सुयोग ताट घेऊन आला आणि त्यांच्या बाजूला बसला.

"आई, जेवून घे."

"भूक नाय."

"माझ्यावर रागावलीस ना?"

रत्नप्रभाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. बारा वर्षं ओठाआड ठेवलेलं आता ठेवून काय करायचं होतं? पान तर कचऱ्यात गेलं होतं.

"सुयोग, तू टाकलंस ते श्रुतिकाचं पान होतं," त्या म्हणाल्या.

या वेळी तो उठून गेला नाही. उठता आलं नसावं त्याला. रत्नप्रभाबाईंनी मग सगळं सांगितलं. तो पहिला सण, आलीस गो बाय, नांग्या फोडून ठेवणं, मिठाचं विचारणं. "तुझ्या पाठीमागेच बसायचे मी तिच्याशी बोलत," त्या म्हणाल्या. "तू मोठ्याने म्हणायचास, म्हणून तुला ऐकू नाय गेलं. मला ठाऊक आहे रे, ती काय खरी येत नसेल. पण मला दुसरी कुठं ती भेटणार होती?"

सुयोग ताटातल्या पुरणपोळीकडे बघत राहिला. 

"मी का सोडलं माहीत आहे का तुला, मासमच्छी?"

"तुझ्या त्या क्लबहाऊसवाल्यांनी—"

"त्यांच्या किती आधी. हॉस्पिटलात. ताईला आयसीयूत नेलं तेव्हा मी खाली मारुतीच्या फोटोसमोर बोललो, तिला वाचव, मी आयुष्यात परत शिवणार नाही. ती सकाळी गेली. मला वाटलं, मी उशिरा बोललो. एक दिवस आधी बोलायला हवं होतं. म्हणून मग शिवलंच नाही." त्याने ताट बाजूला सरकवलं. "गेल्या वर्षी एकजण म्हणाले, ज्या घरात जीव मारून शिजवतात त्या घरातलं गेलेलं माणूस अडकून राहतं, त्याला पुढची वाट मिळत नाही. शास्त्र, लोक काय म्हणतील, हे मी आपलं तुला सांगितलं. मला वाटत होतं ताई आपल्यामुळे अडकलीय. मी तिला सोडवायला बघत होतो गं."

रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटून घेतले. मी तिला वर्षातून एकदा बोलावतेय, आणि हा तिला वाट करून देतोय. एकाच पोरीसाठी दोघं दोन टोकं धरून ओढत होतो, आणि ती मध्ये उपाशी.

"मला सांगायचंस," त्या म्हणाल्या.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. श्वेता दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

"मी उद्या पहाटे माहुलला जातो," सुयोग एकदम म्हणाला. "स्वतः घेऊन येतो. काकालाही बोलावतो. तू कर, आपण पडदा धरू. मला काही नाही, मी धरतो."

"उद्या नाय चालत रे."

"का नाही चालत?"

"उद्या पाठवणी. उद्या दहीभात. तिखट्याचा एकच दिवस."

"एक दिवस मागेपुढे झाला तर काय होतं? कुठल्या शास्त्रात..." बोलता बोलता त्याने जीभ चावली.

"शास्त्र मला नाय माहीत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पण लेक जायला निघाली की तिच्यासाठी चूल पेटवत नायत. ती वेळ गेली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुयोगने तो घालवला असता, पाय धरले असते, काहीतरी केलं असतं. हे असं होतं की करायला काही शिल्लकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पाठवणी केली. गणपतीही गौरीबरोबरच निघाला. रत्नप्रभाबाईंनी दहीभाताची शिदोरी बांधली आणि गौरीच्या पदराला अडकवली. ओटी भरली. मग शेवटचं उरलं ते म्हणजे लेकीच्या कानाशी तोंड नेऊन तिला सांगणं, पुढच्या वर्षी लवकर ये. घरातल्या बाईनेच सांगायचं असतं ते. रत्नप्रभाबाई वाकल्या, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. जिला तिच्या आवडीचा एक घास घातला नाही, तिला परत ये म्हणायचं कुठल्या तोंडाने? त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. सगळे थांबले. धाकूभावजी आले होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली. शेवटी श्वेता पुढे झाली, सासूच्या खांद्यावर हात ठेवून तिनेच गौरीला सांगितलं, "ताई, पुढच्या वर्षी लवकर या."

सोसायटीच्या आवारात विसर्जनाला टाकी केली होती. सुयोगने गणपती सोडला. रत्नप्रभाबाईंनी मुखवटा काढून घेतला आणि तेरड्याची जुडी पाण्यात धरली. ती बुडेना, वर येत राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी दाबली तेव्हा खाली गेली. ढोल वाजत होते. "उपाशी गेली रे," त्या म्हणाल्या. त्या गडबडीत ते फक्त सुयोगला ऐकू आलं.

घरी येऊन श्वेताने दिवा लावला. फुलांची भिंत काढायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता, त्यामुळे मधली जागा रिकामी आणि भोवती सगळी सजावट तशीच होती. रत्नप्रभाबाईंनी मुखवटा पेटीत ठेवला. हिरवी साडी दोन दिवस खुर्चीवर पडली होती, ती उचलली. साडीची घडी काही एका माणसाने नीट होत नाही. सुयोगने उठून दुसरं टोक धरलं.

दोघांनी ती ताणली, दुमडली, जवळ आले, परत मागे गेले, परत जवळ आले. शेवटची घडी आईने त्याच्या हातात दिली.

"आई," तो म्हणाला, "ताईला नांग्या फोडता यायच्या नाहीत ना?"

"नाय."

"तूच द्यायचीस ना तिला फोडून?"

रत्नप्रभाबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. याला खरंच आठवत नव्हतं.

"मी ती गेल्यावर फोडायला लागले," त्या म्हणाल्या. "ती होती तेव्हा तूच द्यायचास रे. एवढासा होतास तेव्हापासून. दातांनी फोडायचास आणि स्वतः न खाता सगळं तिच्या पानात टाकायचास. नांगी माझी आणि आतलं ताईचं, असं म्हणायचास."

सुयोग साडीची घडी छातीशी धरून तिथेच खाली बसला, आणि बारा वर्षांनी बहिणीसाठी रडला. रत्नप्रभाबाई त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी त्याला थांब म्हटलं नाही.